विश्लेषण : लीग जिंकूनही बढती नाही! जर्मन फुटबॉलच्या चौथ्या स्तरावर नेमका वाद काय?

जर्मनीतील लोकोमोटिव्ह लाइपझिग हा क्लब २०२४-२५च्या हंगामात चौथ्या श्रेणीच्या ईशान्य विभागीय लीगमध्ये पहिला आला. १८ संघ, ३४ सामने, दहा महिन्यांची धावपळ आणि शेवटी विजेतेपद. मात्र, हा संघ पुढच्या हंगामातही चौथ्या श्रेणीतच राहिला. विजेता ठरल्यानंतर त्याला आणखी दोन सामने खेळावे लागले आणि तिथे त्याचा पराभव झाला. त्याच वेळी बव्हेरिया, पश्चिम आणि नैर्ऋत्य विभागांचे विजेते एकही जादा सामना न खेळता वरच्या श्रेणीत गेले. देश एक, श्रेणी एक, मग नियम वेगवेगळे का? ‘विजेत्याला बढती मिळालीच पाहिजे’ ही घोषणा जर्मनीतील छोट्या मैदानांवर का घुमते आहे, याचा आढावा.

जर्मन फुटबॉलची उतरंड कशी आहे?

भारतीय चाहत्यांना बायर्न म्युनिक, बोरुसिया डॉर्टमुंड आणि बुंडेसलिगा माहीत असते. बुंडेसलिगामध्ये १८ संघ, दुसऱ्या बुंडेसलिगामध्ये १८ आणि २००८मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे ‘ड्रिटे लिगा’मध्ये २० संघ असतात. या तीनच श्रेणी देशव्यापी आहेत. त्याखाली जर्मनी विभागला जातो. चौथ्या स्तरावर ‘रेजिओनाललिगा’ या नावाने उत्तर, ईशान्य, पश्चिम, नैर्ऋत्य आणि बव्हेरिया अशा पाच समांतर लीग चालतात. पाचव्या स्तरावर ‘ओबरलिगा’च्या १४ लीग आहेत. त्याखाली राज्य, जिल्हा, तालुका म्हणावेत असे स्तर उतरत जातात आणि शेवट गावकीच्या ‘क्राइसक्लासे’मध्ये होतो. तिथे रविवारी दुपारी सामना, मैदानाच्या कडेला सॉसेजची शेगडी आणि गोलजाळ्या बांधायला स्वतः खेळाडूच, असा मामला असतो. जर्मन फुटबॉल महासंघाशी २४ हजारांच्या आसपास क्लब संलग्न आहेत आणि त्यांच्या सदस्यांची संख्या ७० लाखांहून अधिक आहे.

तत्त्वतः तळातला कुठलाही क्लब जिंकत जिंकत बुंडेसलिगापर्यंत पोहोचू शकतो. हे केवळ कागदावर नाही. हाइडेनहाइम हा क्लब फ्रँक श्मिट या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली प्रादेशिक स्तरावरून २०२३मध्ये बुंडेसलिगात पोहोचला. सुमारे १३ हजार वस्तीच्या गावातला एल्व्हर्सबर्ग २०२२पर्यंत चौथ्या श्रेणीत होता आणि मे २०२५मध्ये तो बुंडेसलिगाच्या उंबरठ्यावरून परत फिरला, तोही हाइडेनहाइमकडून अखेरच्या क्षणी हरून.

मग घोडे कुठे अडते?

साध्या गणितात. तिसऱ्या श्रेणीतून दर वर्षी चार संघ खाली जातात आणि चार वर येतात. चौथ्या श्रेणीत लीग मात्र पाच आहेत. पाच विजेते, जागा चार. कुणीतरी एक उपाशी राहणार हे हंगामाचा पहिला सामना सुरू होण्याआधीच ठरलेले असते.

यावर काढलेला तोडगा असा : पश्चिम आणि नैर्ऋत्य विभागांचे विजेते कायम थेट वर जातात. उरलेली तिसरी थेट जागा उत्तर, ईशान्य आणि बव्हेरिया यांच्यात आळीपाळीने फिरते. ज्या दोन विभागांची त्या वर्षी पाळी नसते, त्यांचे विजेते एकमेकांशी घरच्या आणि परक्या मैदानावर असे दोन सामने खेळतात आणि त्यातला एकच वर जातो. २०२३-२४मध्ये पाळी ईशान्येची होती, म्हणून एनर्जी कोटबुस थेट वर गेला. २०२४-२५मध्ये ती बव्हेरियाची होती, म्हणून श्वाइनफुर्टने जल्लोष केला. पश्चिमेतून डुइसबुर्ग आणि नैर्ऋत्येतून हॉफेनहाइमचा दुसरा संघ हेही थेट गेले. लाइपझिगचे दुर्दैव इतकेच, की त्यांनी लीग जिंकली ती चुकीच्या वर्षी.

पश्चिम आणि नैर्ऋत्येलाच कायमचे झुकते माप का? महासंघाचे उत्तर असे, की क्लब, संघ आणि खेळाडूंची संख्या तिथे सर्वाधिक आहे. आकड्यांच्या हिशोबात हे खोटे नाही. पण ३४ सामने जिंकत आलेल्या संघाला लोकसंख्येचा हिशोब ऐकवला, तर तो त्याला पटणार कसा?

लाइपझिगमध्ये नेमके काय घडले?

लोकोमोटिव्हसमोर उत्तर विभागाचा विजेता टीएसव्ही हावेल्से होता. हावेल्से हा हॅनोव्हरला लागून असलेल्या गार्बसेन शहराचा एक भाग. दुसरीकडे सहा लाखांहून अधिक वस्तीचे लाइपझिग. लाइपझिगमधील पहिला सामना १-१ असा बरोबरीत सुटला. परतीच्या सामन्यात ९० मिनिटांत गोलच झाला नाही. अतिरिक्त वेळेत मात्र हावेल्सेने तीन गोल केले आणि लाइपझिगचा हंगाम संपला.

या क्लबसाठी ही जखम जुनीच. २०१९-२०चा हंगाम करोनामुळे मध्येच थांबवावा लागला. सामन्यांमागील सरासरी गुणांच्या आधारे लोकोमोटिव्ह ईशान्येचा विजेता ठरला. त्या वर्षी त्यांची गाठ पश्चिम विभागाशी होती. पश्चिमेत अव्वल असलेल्या रोडिंगहाउजेनने तिसऱ्या श्रेणीच्या परवान्यासाठी अर्जच केला नव्हता, त्यामुळे दुसऱ्या क्रमांकावरील एससी फेर्ल पुढे आला. लाइपझिगमध्ये २-२, परतीच्या सामन्यात १-१. दोन्ही सामने बरोबरीत. तरीही परक्या मैदानावर जास्त गोल केल्याच्या नियमाने फेर्ल वर गेला. लीगमधील विजेता संघ उपविजेत्याकडून एकही सामना न हरता बाद झाला!

तीच ती लाइपझिग?

हो, आणि म्हणूनच हा विषय भावनिक होतो. जर्मन महासंघाची स्थापना १९००मध्ये लाइपझिगमध्येच झाली आणि १९०३मध्ये देशाचा पहिला विजेता ठरला व्हीएफबी लाइपझिग. लोकोमोटिव्ह त्याच परंपरेचा वारसा सांगतो. पूर्व जर्मनीच्या काळात, १९८७मध्ये हा संघ युरोपीय कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला होता. अथेन्समध्ये आयाक्सकडून तो ०-१ असा हरला. गोल मार्को व्हॅन बास्टनचा. एकीकरणानंतर मात्र क्लब आर्थिक गर्तेत गेला, दिवाळखोरीत निघाला आणि २००३मध्ये चाहत्यांनी तो नव्याने उभा केला. नव्या क्लबला थेट अकराव्या स्तरावरून सुरुवात करावी लागली. त्या तळाच्या स्तरावरील एका सामन्याला, प्रतिस्पर्धी शेजारच्या क्लबचा दुसरा संघ असताना, १२ हजारांहून अधिक प्रेक्षक आले होते. आजही अनेक देशांच्या अव्वल लीगमध्ये एवढी गर्दी होत नाही.

त्याच शहरात दुसरी गोष्टही घडली. २००९मध्ये रेड बुल कंपनीच्या पाठबळावर आरबी लाइपझिगची स्थापना झाली. शेजारच्या मार्कक्रानस्टेटच्या क्लबची जागा घेत त्याने पाचव्या श्रेणीतून सुरुवात केली आणि सात वर्षांत बुंडेसलिगा गाठली. २०१३मध्ये आरबीही याच ईशान्य लीगमधून निर्णायक सामने जिंकून वर गेला होता.

ईशान्येवर खरोखर अन्याय होतो का?

तक्रारीचा सूर ईशान्येतून सर्वांत मोठा येतो. हा विभाग म्हणजे बर्लिनसह जुना पूर्व जर्मनी. १९९१-९२मध्ये एकत्रित जर्मनीची पहिली बुंडेसलिगा खेळवली गेली, तेव्हा पूर्वेच्या दोनच क्लबना, हान्सा रोस्टॉक आणि डायनॅमो ड्रेस्डेनला, त्यात स्थान मिळाले. पूर्व जर्मनीचे सलग दहा विजेतेपदे मिळवणारा बीएफसी डायनॅमो, १९८१मध्ये युरोपीय अंतिम सामना खेळलेला कार्ल झाइस येना असे नामवंत क्लब २०२४-२५मध्ये याच चौथ्या श्रेणीत होते. त्यामुळे प्रत्येक पराभवाला ‘पुन्हा पश्चिमेनेच ठरवले’ अशी किनार मिळते.

नोंदी पाहिल्या तर चित्र जरा गुंतागुंतीचे दिसते. २०१३ ते २०१८ या काळात तीनच जागा होत्या आणि सगळ्याच विजेत्यांना निर्णायक सामने खेळावे लागत. तेव्हा ईशान्येच्या सहापैकी पाच विजेत्यांनी बाजी मारली. येनाने तर २०१७मध्ये परक्या मैदानावरील गोलांच्याच जोरावर बढती मिळवली, ज्या नियमाने तीन वर्षांनी लोकोमोटिव्हचा घास हिरावला. २०२०पासून मात्र फासे उलटे पडले. २०२०मध्ये लोकोमोटिव्ह, २०२२मध्ये बीएफसी डायनॅमो, २०२३मध्ये कोटबुस, २०२५मध्ये पुन्हा लोकोमोटिव्ह. चारही वेळा पराभव. म्हणजे खेळाच्या मैदानावर ईशान्येविरुद्ध कट आहे असे म्हणता येत नाही. आक्षेप आहे तो पद्धतीवर. काही विजेत्यांना परीक्षा माफ आणि काहींना पुन्हा बसवायचे, हा भेद कुणालाही खटकेल असाच आहे.

शिवाय फटका फक्त ईशान्येला नाही. २०२१मध्ये श्वाइनफुर्ट आणि २०२४मध्ये वुर्त्सबुर्ग हे बव्हेरियाचे विजेतेही असेच अडले. वुर्त्सबुर्गचा निकाल तर पेनल्टी शूटआऊटवर लागला, तोही हॅनोव्हरच्या राखीव संघाविरुद्ध.

राखीव संघांचा काय संबंध?

बुंडेसलिगा क्लबचे दुसरे संघ याच लीगमध्ये खेळतात. त्यांना तिसऱ्या श्रेणीच्या वर जाता येत नाही. बायर्न म्युनिकच्या दुसऱ्या संघाने २०१९-२०मध्ये तिसरी श्रेणी जिंकली, तरी तो तिथेच राहिला. पण चौथ्यातून तिसऱ्यात जाण्याला आडकाठी नाही. २०२०-२१मध्ये रोट-वाइस एसेनने पश्चिम विभागात ९० गुण मिळवले आणि तरीही तो दुसरा आला, कारण डॉर्टमुंडच्या दुसऱ्या संघाने ९३ मिळवले होते. १९५५चा जर्मन विजेता आणि हजारोंची गर्दी खेचणारा एसेन आणखी एक वर्ष अडकला. पुढच्या हंगामात तो वर गेला तेव्हाही गुण मुन्स्टरइतकेच होते, तारले ते गोलफरकाने.

एका बढतीवर किती पैसा अवलंबून असतो?

तिसऱ्या श्रेणीत दूरचित्रवाणी हक्कांपोटी क्लबला वर्षाला दहा लाख युरोंहून अधिक मिळतात. चौथ्या श्रेणीत ही रक्कम जवळपास नगण्य. चौथ्या श्रेणीचे उत्पन्न म्हणजे तिकिटे, स्थानिक प्रायोजक आणि एखादा हौशी धनिक. त्याने हात काढला की दिवाळखोरी ठरलेली. आखेनसारख्या क्लबवर २०१२ आणि २०१७ अशी दोनदा ती वेळ आली. एवढे होऊनही २०२४मध्ये बढती मिळवताना आखेनच्या घरच्या सामन्यांना चौथ्या श्रेणीत सरासरी १५ हजारांहून अधिक प्रेक्षक येत होते.

बढतीचा खर्चही असतो. परवान्यासाठी स्टेडियमची क्षमता, प्रकाशझोत, सुरक्षा आणि आर्थिक हमी दाखवावी लागते. हावेल्से २०२१मध्ये वर गेला तेव्हा त्याला घरचे सामने हॅनोव्हरच्या मोठ्या स्टेडियममध्ये खेळावे लागले. फेर्लही काही काळ लोटे आणि पाडरबोर्नला ‘घरच्या’ सामन्यांसाठी जात होता. रोडिंगहाउजेनने अर्ज का टाळला असेल, ते यावरून समजू शकते.

दिलासा एकच. २१ राज्य संघटनांच्या चषक स्पर्धांचे विजेते राष्ट्रीय जर्मन चषकाच्या पहिल्या फेरीत जातात. तिथे दोन लाख युरोंच्या आसपास रक्कम आणि एखाद्या मोठ्या संघाविरुद्ध घरच्या मैदानावर सामना मिळतो. २०२०मध्ये चौथ्या श्रेणीतील सारब्रुकेनने या स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली होती. २०२५मध्ये लोकोमोटिव्हने साक्सनी राज्याचा चषक जिंकला, त्यामुळे ही शिदोरी तरी त्यांच्याकडे होती.

खालच्या संघांना याचा त्रास कसा होतो?

याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. एखाद्या विभागातून किती संघ पाचव्या श्रेणीत घसरणार, हे वरून त्या विभागात किती संघ येतात त्यावर ठरते. वरून दोन आले आणि वर कुणी गेला नाही, तर खालच्या दाराने जास्त संघ बाहेर. हा धक्का पाचव्या, सहाव्या, सातव्या स्तरापर्यंत उतरत जातो. लाइपझिगचा संघ अतिरिक्त वेळेत हरतो आणि शंभर किलोमीटरवरच्या एखाद्या गावातला क्लब, स्वतःचे सामने कधीच संपलेले असताना, एक पायरी खाली घसरू शकतो.

तोडगा का निघत नाही?

२००८ ते २०१२ या काळात चौथ्या श्रेणीत तीनच लीग होत्या आणि तिघांचेही विजेते थेट वर जात. पण लांबचे प्रवास, कडक अटी आणि वाढता खर्च क्लबना पेलवेना, म्हणून पाच लीग केल्या गेल्या. आता पुन्हा चार लीग करायच्या तर कोणता विभाग मोडायचा? बव्हेरियाला स्वतःची लीग सोडायची नाही. ईशान्येला आपले पारंपरिक सामने आणि त्यांची गर्दी गमवायची नाही. पश्चिम व नैर्ऋत्येचे तर उत्तमच चालले आहे. दुसरा मार्ग म्हणजे तिसऱ्या श्रेणीतून चारऐवजी पाच संघ खाली पाठवणे. मात्र २०पैकी चार घसरतात हेच तिथल्या क्लबना जास्त वाटते. निर्णय महासंघाच्या अधिवेशनात मतांनी होतो आणि तिथे ईशान्येच्या सहा राज्य संघटनांचे बळ अपुरे पडते.

२०२५च्या सुरुवातीला ईशान्येतील क्लबनी ‘बढती सुधारणा २०२५’ ही मोहीम उघडली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे क्लब एका पत्रकावर आले, हेच मोठे नवल.

२०२५-२६च्या हंगामासाठी काय ठरले होते?

२०२५-२६मध्ये थेट जागेची पाळी उत्तर विभागाची होती. ईशान्य आणि बव्हेरियाच्या विजेत्यांनी एकमेकांशी भिडायचे होते. म्हणजे लोकोमोटिव्हने पुन्हा लीग जिंकली, तरी जूनच्या तोंडावर तेच दोन सामने समोर उभे असणार होते. हावेल्से मात्र त्या हंगामात तिसऱ्या श्रेणीत गेला. याच क्लबकडून दहा वर्षांपूर्वी चौथ्या श्रेणीत खेळलेला डेनिझ उंडाव आज जर्मनीच्या राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचला आहे आणि मे २०२५च्या जर्मन चषक अंतिम सामन्यात स्टुटगार्टसाठी त्याने गोलही केला.