अविज्ञात जलाशय

श्रावणांतील एखाद्या रविवारीं सकाळच्या वेळीं कल्याणाहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलच्या डब्यांत डोकावून पाहावें. पाठीवर पिशव्या लटकाविलेली, मोठमोठ्यानें गाणीं म्हणणारी तरुण मंडळी डबाभर पसरलेली असते, व बदलापूर स्टेशन आलें कीं तो सारा लोंढा एकदम खालीं उतरतो. त्यास जावयाचें असतें कोंडेश्वरास. माथेरान-मलंगगडाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशीं, भोज गांवाच्या पुढें, झाडींत शंकराचें देवस्थान आहे. त्याच्या लगत ओढा काळ्या कातळावरून उड्या घेत येऊन कुंडांत पडतो. स्टेशनापासून अंतर सुमारें सात-आठ किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबानें अडीच कोस. स्थळ रमणीय आहे यांत शंका नाहीं. आणि याच कुंडांनीं आजवर अनेक घरांतील तरणींताठीं मुलें गिळलीं, यांतहि शंका नाहीं. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यांत मुंबईहून आलेले चार तरुण येथें एकाच वेळीं बुडून मृत्यु पावले.

अशी वार्ता वर्तमानपत्रांत आली म्हणजे आपल्या घरांतून एकच उद्गार निघतो : "आमच्याकडे असलीं थेरं चालायचीं नाहींत." वडील मंडळी नकार देतात आणि निश्चिंत होतात. परंतु चाळीस वर्षें मुलांच्या सहवासांत घालविलेल्या माणसास हें ठाऊक असतें कीं, ज्या मुलास धबधब्यावर जाण्यास बंदी होते तें मूल पुष्कळदां मित्राकडे अभ्यासास जातें, आणि त्या मित्राचें घर बदलापूर स्टेशनाच्या पलीकडे निघतें. नकार म्हणजे संरक्षण नव्हे. आजोबा, काका, आत्या अशीं चार मोठीं माणसें बरोबर घेऊन, वाट व पाणी जाणणारा मनुष्य पुढें घालून, योग्य ऋतूंत घरानेंच ही सहल काढावी, असें माझें स्पष्ट मत आहे. मात्र ती आंखून काढली पाहिजे.

हीं मुलें डोंगरांतील पाण्याकडे कां धांवतात, याचाहि थोडा विचार व्हावा. अंबरनाथचें शिवालय शके ९८२ मध्यें, म्हणजे इ. स. १०६० मध्यें, शिलाहार राजा मुम्मुणि याच्या कारकीर्दींत पुरें झालें, असें तेथील शिलालेख सांगतो. तें ज्या वालधुनी नदीच्या कांठीं उभारलें, ती तेव्हां स्नानास योग्य असल्यावांचून तेथें देऊळ बांधलें गेलें नसतें. आज त्याच वालधुनींत कारखान्यांचें सांडपाणी वाहतें. २०१४ सालीं तर तींत ओतलेल्या रसायनाच्या वायूनें उल्हासनगरांतील शेंकडों लोक आजारी पडले. १९४९ सालीं वसलेल्या त्या नगरांत जे सिंधी बांधव आले, ते सिंधूसारख्या महानदाच्या कांठचे; त्यांच्या नातवंडांस पाय बुडविण्याजोगा स्वच्छ ओहोळ गांवांत उरलेला नाहीं. पूर्वीं वाड्यावाड्यांतून विहिरी असत, आणि कमरेस भोपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधून सात-आठ वर्षांचें पोर मे महिन्यांत पोहावयास शिके. विहिरी बुजल्या, वाडे पडले. त्यामुळें कोंडेश्वराच्या कुंडांत उडी मारणाऱ्या पुष्कळ मुलांस मुळीं पोहतांच येत नसतें, ही खरी गोम आहे.

ज्यांना येतें त्यांनींहि गर्व करूं नये. विहिरींतील पाणी स्थिर असतें; तेथें फक्त खोलीशीं सामना असतो. धबधब्याखालील पाण्याची रीत निराळी. उंचावरून धार कोसळतांना आपल्याबरोबर असंख्य हवेचे बुडबुडे खालीं नेते. ज्या पांढऱ्याशुभ्र फेंसाचें आपणांस एवढें कौतुक वाटतें, तो निम्मा पाणी व निम्मा वारा असतो. त्यांत शरीरास तरंगण्याचा आधार मिळत नाहीं व हात मारले तरी ते जणूं पोकळींत पडतात. शिवाय तळाशीं गेलेलें पाणी वर उसळून कांहीं अंशीं पुन्हां धारेकडेच वळतें, व त्यांत सांपडलेल्यास तें पुन्हां पुन्हां धारेखालीं ओढतें. सह्याद्रीचा कातळ लाव्हारसाच्या थरांचा. ओढ्यांतील गोटे भोंवऱ्यांत सांपडून त्या कातळांत गरगर फिरतात व कालांतरानें रांजणासारखे खळगे कोरतात. कुकडी नदीच्या पात्रांतील निघोजचे रांजणखळगे प्रसिद्धच आहेत. असे खळगे तोंडाशीं अरुंद, आंत रुंद असूं शकतात, आणि गुडघाभर पाण्यांत चालतां चालतां पुढच्याच पावलास पुरुषभर खोली लागते. कांठचा खडक शेवाळानें इतका गुळगुळीत असतो कीं, बुडणारांपैकीं अनेकजण पाण्यांत उतरलेलेच नसतात. ते घसरलेले असतात.

याहूनहि फसवी गोष्ट म्हणजे दूरचा पाऊस. माथेरानच्या माथ्यावर वर्षाकाठीं दोनशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. खालीं बदलापुरास ऊन असतां वर ढग फुटावा, आणि तें पाणी नागमोडी ओढ्यांतून थोड्याच वेळांत कुंडावर येऊन आदळावें, हें तेथें नित्याचें आहे. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणामागील ओढ्यांत एका कुटुंबांतील माणसें मुलाबाळांसह मध्यें उभीं होतीं. लोंढा वाढला, सर्वांनीं एकमेकांस घट्ट धरलें, आणि तो घोळकाच वाहून गेला. पांच जीव गेले. ती कांहीं उनाड पोरें नव्हतीं. तुमच्याआमच्यासारखें भरलें घर होतें. २७ जुलै २०१९ रोजीं तर बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हासच्या पुरानें महालक्ष्मी एक्सप्रेसला वेढलें, व हजाराहून अधिक उतारूंस होड्यांतून बाहेर काढावें लागलें. आगगाडी जेथें अडते तेथें माणसाच्या दोन पायांची कथा काय ?

आतां कोणी म्हणेल, गुरुजी, एवढें भय घातल्यावर सहल कसली काढतां ? याचें उत्तर आपल्या जुन्या ग्रंथांत सांपडतें. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत स्नातकास घातलेल्या नियमांत म्हटलें आहे कीं, जेवणानंतर, आजारी असतां, मध्यरात्रीं, आणि अविज्ञात म्हणजे अनोळखी जलाशयांत स्नान करूं नये. मनूचीं सर्वच मतें आज कोणी शिरोधार्य मानणार नाहीं व मानूंहि नयेत. परंतु हें एक कोंडेश्वरच्या वाटेवर मोठ्या अक्षरांत लावण्यासारखें आहे. तसेंच धर्मशास्त्रकार कर्क व सिंह या राशींत सूर्य असतां, म्हणजे अदमासें जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, सागरास मिळणाऱ्या थोर नद्या वगळून इतर नद्यांस रजस्वला म्हणतात व त्यांत स्नान वर्ज्य सांगतात. विटाळाची कल्पना बाजूस ठेवावी. रज म्हणजे धूळ, माती. ज्या दोन महिन्यांत ओढेनाले गढूळ होऊन वाहतात, तळ दिसत नाहीं, त्याच महिन्यांत शास्त्र म्हणतें, उतरूं नका; आणि नेमक्या त्याच महिन्यांत आमचीं मुलें उतरतात.

कालिदासाच्या रघुवंशांतील सोळावा सर्ग काढून पाहावा. कुश राजा शरयूंत जलक्रीडेस उतरतो तो वर्षाकाळीं नव्हे, ग्रीष्मांत. आणि उतरण्यापूर्वीं काय करतो ? तीरावर तंबू ठोकवितो व जाळीं टाकणाऱ्या कोळ्यांकडून नदींतील मगरी काढवून घेतो. चक्रवर्ती राजा, पण पाण्यासंबंधीं शब्द चालतो तो कोळ्याचा ! पुढें अगस्त्यानें रामास दिलेलें आभूषण क्रीडेंत पडतें, तेव्हां तें शोधण्यासहि तोच पाणबुड्यांस बोलावितो. वाटाड्या घेऊन जाणें म्हणजे भित्रेपणा, असें समजणाऱ्या आमच्या बहाद्दरांनीं हा प्रसंग अवश्य वाचावा.

तेव्हां ऋतूपासून आरंभ करूं. पावसाळ्यांत ठाण्याचे जिल्हाधिकारी धोक्याच्या धबधब्यांवर व धरणांवर मनाईहुकूम काढीत आले आहेत. पूर्वीं तो फौजदारी कायद्याच्या १४४ कलमाखालीं निघे, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ कलमाखालीं. त्यांत कोंडेश्वराचें नांव असतें. हुकूम असतां जाऊं नये. पोलिसांनीं अडविल्यास हुज्जत घालूं नये. पाऊस परतून पंधरा-वीस दिवस कोरडे गेले, ओढ्याचा तळ दिसूं लागला, म्हणजे साधारणतः दिवाळीनंतर कार्तिकांत किंवा मार्गशीर्षाच्या आरंभीं निघावें. धार बारीक झालेली असते. "मग मजा काय ?" असें मुलें विचारतील. त्यांस सांगावें कीं, धार पाहावयाची असेल तर मनाई नसलेल्या दिवशीं भाद्रपदांत दुरून दाखवूं. पोहावयाचें असेल तर कार्तिकांत. दोन्ही हौशी एका दिवशीं भागत नाहींत.

वाटाड्या हा या सहलीचा कणा होय. त्या भागांतील वाड्यापाड्यांवरून राहणारे ठाकूर व कातकरी लोक त्या डोंगरांत लहानाचे मोठे झालेले असतात. आठवडाभर आधीं घरांतील एका जाणत्या माणसानें जाऊन त्यांपैकीं एखाद्या प्रौढ माणसाशीं बोलून यावें. मोबदला आधीं ठरवावा, आणि तो दिवसाच्या मजुरीहून चांगला असावा. आपल्या मुलांचा जीव त्याच्या हातीं देतों आहों, तेथें दहा-वीस रुपयांची घासाघीस शोभत नाहीं. त्यास नीट "दादा" म्हणून हांक मारावी. त्याला विचारावें : यंदाच्या पुरानें कोणता डोह बदलला ? कोठें माणूस बुडाला ? लहान मुलें कोठें बसतात ? गांवचीं पोरें स्वतः कोठें पोहतात आणि कोठें पोहत नाहींत ? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर सर्वांत मोलाचें. आणि तो ज्या दिवशीं "आज नको" म्हणेल, त्या दिवशीं देवदर्शन करून मुकाट्यानें परत यावें. घरांतील वडीलधाऱ्यांस हें जड जाईल खरें.

पोहण्याची व्यवस्था अशी. ज्यास पोहतां येत नाहीं त्यानें कंबरेच्या वर पाणी येऊं देऊं नये, मग तो कितीहि मोठा असो. तीन मुलांमागें एक पोहणारा मोठा मनुष्य पाण्यांत, आणि एक कोरडा मनुष्य कांठावर. या कांठावरच्या माणसानें दुसरें कांहींहि करावयाचें नाहीं. पत्ते नाहींत, गप्पा नाहींत, मोबाइल तर मुळींच नाहीं. त्याच्याजवळ वीस-पंचवीस मीटर नायलॉनचा दोर व दोराच्या टोंकास बूच घट्ट लावलेला तेलाचा रिकामा डबा असावा. मुलांच्या जोड्या लावाव्या व दर पाव तासानें शिट्टी वाजवून मोजदाद करावी. सूर मारणें सर्वांस वर्ज्य. धारेच्या खालीं कोणीं जाऊं नये. बायकांनीं पाण्यांत उतरावें, जरूर उतरावें. मात्र लुगडें किंवा ओढणी नको, भिजलेलें वस्त्र पायांत गुंतून माणसास खालीं खेंचतें. अंगासरशी सलवार बरी. बाजारांत मिळणारीं तरंगण्याचीं जाकिटें मुलांसाठीं आणलीं तर उत्तमच. आजीनें देवळाच्या ओटीवर बसून डबे सांभाळावे, आणि हे डबे पाण्यांतून बाहेर आल्यावरच उघडावे. दशम्या, लसणाची चटणी व दहीभात भिजलेल्या अंगास जसा गोड लागतो तसा कोरड्या अंगास लागत नाहीं, हेंहि एक कारण आहेच.

बसावयाची जागा ओढ्याच्या अलीकडे, परतीच्या वाटेच्या बाजूस निवडावी. पाणी गढुळलें, काड्याकाटक्या व पाला वाहून येऊं लागला, किंवा धारेचा आवाज बदलला, कीं सामान टाकून वर चढावें. सामान पुन्हां मिळतें. कपारींत हात घालूं नये. फुरसें त्या रंगाच्या दगडांत ओळखूं येत नाहीं. सर्पदंश झाल्यास चिरणें, चोखणें, करकचून बांधणें यांपैकीं कांहीं न करतां माणसास न चालवितां रुग्णालयांत न्यावें.

कोणी बुडूं लागल्यास त्याच्यामागें उडी टाकूं नये, हें मुलांस घरीं निघण्यापूर्वींच सांगावें व त्यांच्याकडून वदवून घ्यावें. एकाच्या मागें दुसरा, दुसऱ्याच्या मागें भाऊ, अशा रीतीनें एका जागीं अनेक जीव जातात. ओरडावें, दोराचा डबा फेंकावा, काठी पुढें करावी. बाहेर काढलेल्या माणसास पालथा घालून गरगर फिरविण्याची जुनी चाल घातक आहे. त्यास उताणें निजवावें. श्वास चालत नसेल तर तोंडानें पांच वेळां श्वास द्यावा, मग छातीच्या मध्यभागीं तीस दाब व दोन श्वास असा क्रम मदत येईतों न थांबतां चालवावा. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पण डोंगराच्या कुशींत फोन लागेलच असें नाहीं, म्हणून बदलापुराहून नेलेली रिक्षा दिवसभरासाठीं ठरवून तेथेंच थांबवून ठेवावी. भाडें थोडें अधिक पडेल.

तीनच्या सुमारास पाण्यांतून सर्वांस बाहेर काढावें, शेवटची मोजदाद करावी, आणलेला कचरा पिशवींत भरावा, वाटाड्यादादास जेवूंखाऊं घालून त्याचे पैसे हातांत द्यावे, आणि पांचच्या आंत स्टेशन गांठावें. परतीच्या लोकलमध्यें मुलें झोंपीं जातात.