ध्वनीने मापलेला सागरप्रवाह

भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा सागरप्रवाह ऋतुमानानुसार दिशा पालटतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तो दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उत्तरेकडे. अशा प्रवाहांचे ज्ञान प्रथम जहाजांच्या नोंदवह्यांतून जमले. वेग व दिशा यांच्या हिशेबाने जहाज जेथे असावयास हवे आणि ताऱ्यांच्या वेधावरून ते जेथे आढळे, त्या दोहोंतील अंतर प्रवाहाच्या खाती मांडले जाई. ही रीत पृष्ठभागापुरतीच होती. खालच्या पाण्याविषयी ती मूक राही.

ध्वनीने ही उणीव भरून काढली. जहाजाच्या तळाशी बसविलेले यंत्र चार तिरप्या दिशांनी ध्वनीचे ठोके सोडते. पाण्यासमवेत वाहणारे सूक्ष्म प्लवक जीव व कण त्यांचा अल्पांश परत पाठवितात. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, म्हणून ०.२ सेकंदाने परतलेला प्रतिध्वनी सुमारे १५० मीटरांवरून आला, हे कळते. वेळेनुसार प्रतिध्वनीचे तुकडे पाडले की थराथराचा वेग हाती येतो. वेग कळतो तो डॉप्लरने १८४२ मध्ये मांडलेल्या तत्त्वाने. मूळ ध्वनीची कंप्रता सेकंदाला १,५०,००० असून कण शलाकेच्या दिशेत अर्धा मीटर वेगाने दूर जात असतील, तर परतणारी कंप्रता सुमारे १०० ने घटते.

खरी अडचण पुढेच आहे. यंत्र मोजते ते जहाजाच्या सापेक्ष पाण्याची गती. दहा नॉटने चालणाऱ्या जहाजाचा वेग सेकंदाला सुमारे पाच मीटर. प्रवाहाचा मात्र पुष्कळदा वीस-तीस सेंटिमीटर. मोठ्या राशीतून मोठी राशी वजा करून ही लहान बाकी काढावयाची असते. यंत्राचा रोख ठरविण्यात एका अंशाची चूक झाली, तर जवळजवळ नऊ सेंटिमीटरचा आडवा, खोटा प्रवाह निर्माण होतो. पाण्याच्या नकाशात अस्तित्वात नसलेली नदी उमटावी, इतकी ही चूक गंभीर! उथळ पाण्यात सागरतळाच्या प्रतिध्वनीवरून जहाजाची गती थेट मिळते. खोल पाण्यात मात्र जायरो होकायंत्र व उपग्रहांवरील स्थाननिश्चिती यांवर विसंबावे लागते.

जहाज तर पुढे निघून जाते. म्हणून गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (स्थापना १९६६) मुंबई, गोवा व कोल्लमसमोरील खंडान्त उतारावर हीच यंत्रे नांगरून ठेवली. प्लवक रात्री वर चढतात व पहाटे खाली उतरतात, त्यामुळे उभ्या गतीची मापने बिघडतात; परंतु त्याच प्रतिध्वनीच्या तीव्रतेवरून प्लवकांच्या राशीचा अंदाजही तेथील संशोधक बांधतात.