मुलांसाठी कायदा, छोट्या कट्ट्यांना कुलूप

पालकसभेत मोबाइलचा विषय निघाला की आम्हा शिक्षकांना एक वाक्य हमखास ऐकायला मिळते, "सरकारने यावर कडक कायदाच करायला हवा." ही मागणी चुकीची नाही. पण असा कायदा झाल्यावर काय काय घडते, हे समजून घ्यायचे तर ब्रिटनकडे पाहायला हवे. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांचे नातलग तिथे राहतात. त्यांच्या मुलांच्या मोबाइलवर आज हाच कायदा लागू आहे.

त्याच्यामागे एका मुलीची दुःखद हकिकत आहे. लंडनमधील हॅरो भागात राहणारी मॉली रसेल ही शाळकरी मुलगी नोव्हेंबर २०१७ मध्ये गेली. वय अवघे १४ वर्षे. शेवटच्या काही महिन्यांत इन्स्टाग्राम आणि पिंटरेस्टवर तिच्यासमोर निराशेचा आणि स्वतःला इजा करून घेण्याचा मजकूर येत राहिला होता. त्यातला काही तर तिने मागितलेलाही नव्हता, यंत्रणेनेच तो निवडून तिच्या पुढ्यात ठेवला होता. मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्यांनी २०२२ मध्ये निष्कर्ष दिला, की या मजकुराने तिच्या मृत्यूला हातभार लावला. ज्या बापाने आपली लेक अशी गमावली, त्याने कायदा मागितला तर त्याला चूक कोण म्हणेल?

२६ ऑक्टोबर २०२३ रोजी 'ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट' मंजूर झाला. अंमलबजावणीचे काम टीव्ही, रेडिओ आणि दूरध्वनी सेवांवर देखरेख करणाऱ्या 'ऑफकॉम' या संस्थेकडे आले. जिथे लोक एकमेकांचे लिखाण किंवा चित्रे पाहू शकतात, अशा प्रत्येक ठिकाणाने आपल्याकडे कोणता धोका संभवतो याची लेखी तपासणी करायची. बेकायदा मजकुराचे १७ प्रकार ठरवले गेले आणि त्या प्रत्येकाचा विचार करायचा. तक्रारीची सोय ठेवायची, जबाबदार माणूस नेमायचा. १७ मार्च २०२५ पासून बेकायदा मजकुराविषयीची ही बंधने लागू झाली. मोडणाऱ्याला १ कोटी ८० लाख पौंड किंवा जगभरच्या उत्पन्नाच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तितका दंड होऊ शकतो.

मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वकिलांची फौज आहे. पण ऑफकॉमच्याच अंदाजानुसार कायद्याच्या कक्षेत एक लाखाहून अधिक सेवा येतात. त्यांत छोटे स्वतंत्र फोरमही आले. फोरम म्हणजे एकाच आवडीच्या लोकांचा चर्चेचा कट्टा. कुणी जुन्या गाड्यांविषयी बोलतो, कुणी बागेविषयी, कुणी आजाराविषयी. असा कट्टा बहुधा एखादा हौशी माणूस पदरचे पैसे घालून चालवतो. तो नव्या माणसाचे स्वागत करतो, भांडण सोडवतो, घाणेरडे लिहिणाऱ्याला बाहेर काढतो.

लंडनच्या सायकलवाल्यांचा एक प्रसिद्ध फोरम २००७ पासून चालू होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या चालकाने तो बंद करण्याचे जाहीर केले. त्यासोबत आपण सांभाळत असलेले सुमारे ३०० छोटे कट्टेही बंद करणार असल्याचे सांगितले. एकट्या माणसाने एवढ्या कायदेशीर जबाबदारीचे आणि दंडाचे ओझे कसे पेलायचे, हा त्याचा प्रश्न होता. पुढे इतरांनी भार उचलल्यामुळे सायकलवाल्यांचा फोरम वाचला. सगळ्यांच्याच नशिबी तसे नव्हते. हॅमस्टर नावाचा उंदरासारखा चिमुकला प्राणी पाळणाऱ्यांचाही एक फोरम होता. तो बंद झाला आणि त्याच्या सदस्यांना इन्स्टाग्रामवर जमण्यास सांगण्यात आले.

वाचकहो, इथे क्षणभर थांबू या. मॉलीला जे दिसले, ते इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी दिसले होते. त्यावर उपाय म्हणून कायदा आला, आणि त्याच्या धाकाने हॅमस्टर पाळणारे निरुपद्रवी लोक आपला राखलेला कट्टा सोडून त्याच इन्स्टाग्रामवर गेले.

मग छोट्यांना सरळ सूट का दिली नाही? कारण छोटे ते सगळेच चांगले असे नसते. एप्रिल २०२५ मध्ये ऑफकॉमने या कायद्याखालची पहिली चौकशी सुरू केली, ती एका फोरमचीच. तो खचलेल्या माणसांना आयुष्य संपवण्याच्या वाटेला नेत असल्याचा आरोप होता. केवळ आकार पाहून सूट दिली असती, तर अशी ठिकाणे सुटली असती. कमी धोक्याच्या छोट्या सेवांना थोडक्याच गोष्टी कराव्या लागतील, असेही ऑफकॉमने सांगितले आणि मदतीसाठी साधनेही दिली. पण कायद्याची शेकडो पाने आणि कोटींचा दंड समोर दिसला की साधा माणूस बारकावे वाचत बसत नाही. तो कुलूप लावून मोकळा होतो. बेफिकीर माणूस मात्र कुलूप लावत नाही. म्हणून कायद्याचे वजन धोक्याच्या मापाने असावे आणि ते साध्या माणसाला साध्या भाषेत कळावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आपल्याकडेही हा विषय दारात आला आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांवर जादा जबाबदाऱ्या आहेत, म्हणजे लहान-मोठ्याचा फरक आपण केला आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची खात्रीलायक संमती घ्यावी लागेल. ऑस्ट्रेलियात तर डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातेच ठेवता येत नाही. उद्या आपल्याकडे असा विचार पुढे आला, तर "कडक की सौम्य" एवढ्यावरच आपण वाद घालू नये. आपण विचारावे, "या नियमाने राखणदार वाढतील की कमी होतील?"

हाच प्रश्न घरातही उपयोगी पडतो. आम्ही वर्गात पाहतो, की पालक मुलांना "किती वेळ मोबाइल बघतोस?" एवढेच विचारतात. त्यापुढे जाऊन विचारावे: तू जिथे जातोस तिथे राखण कोण करते? कुणी वाईट बोलले तर त्याला बाहेर काढणारे कुणी आहे का? तुला जे दिसते ते तू शोधलेस, की आपोआप समोर आले? आपल्या मोहल्ल्यात मूल कुणाच्या ओट्यावर बसते हे अम्मी-अब्बांना ठाऊक असते, आणि तिथल्या बुजुर्गांची नजरही त्याच्यावर असते. पडद्यामागच्या ओट्याची तितकीच चौकशी करायला हवी.

चौकशी म्हणजे झडती नव्हे. ज्या मुलाचा फोन ओरडून हिसकावला जातो, ते पुढच्या वेळी संकट लपवते. फसवणूक किंवा धमकी झाल्यास १९३० वर सायबर तक्रार करता येते. मुलांच्या मदतीसाठी १०९८, आणि मन फार खचले असेल तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. हे तीन आकडे घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावेत आणि मुलांना दाखवावेत. कायदा दंड करू शकतो, मजकूर काढायला लावू शकतो. पण रात्री अकरा वाजता पोराचा चेहरा उतरलेला आहे, हे त्याला दिसत नाही. ते आपल्यालाच दिसते.