अंधार स्वस्तात – लेखांक सहावा : आकेरीच्या वाड्यातल्या पाच गोष्टी

गेल्या आठवड्यात आपण रामसे बंधूंच्या जमाखर्चापाशी थांबलो होतो. ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ (१९७२) त्यांनी महाबळेश्वरला जाऊन, घरचीच माणसं कामाला लावून, साडेतीन लाखांच्या आसपास उरकला. ‘पुराना मंदिर’साठी (१९८४) त्यांना मुरुडच्या नवाबाचा राजवाडा मिळाला. त्या सिनेमात सामरी नावाचा सैतान धड एकीकडे आणि मुंडकं दुसरीकडे असा बंदोबस्तात ठेवलेला आहे. आणि त्याच सिनेमात जगदीप मधूनच ‘शोले’ची नक्कल करत हिंडतो.

सैतानाच्या सिनेमात ‘शोले’ कशाला? उत्तर सरळ आहे. प्रेक्षकाने तिकीट काढलंय अडीच तासांचं आणि सैतान आहे जेमतेम वीस मिनिटांचा. मेकअपला पैसे पडतात म्हणून तो कमी दिसतो. शिवाय जितका जास्त दिसेल तितका तो रबरी वाटायला लागतो. मग उरलेला वेळ भरायचा कशाने? गाण्याने, मारामारीने, जगदीपने. परदेशातही हेच झालंय. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) सव्वा लाख डॉलरांच्या आत बनला. त्यातली मढी बहुतेक वेळ घराबाहेर रेंगाळतात आणि आत कोंडलेली माणसं तळघरात बसायचं की वर, यावर भांडत राहतात. सिनेमा खरा त्या भांडणाचा आहे. भयपटात चार प्रकार एकत्र आले की समीक्षक त्याला प्रयोग म्हणतात. निर्मात्याला विचारा, तो वेळ भरण्याची अडचण सांगेल.

मुरुडहून किनाऱ्याने असेच दक्षिणेला उतरलो की आपला सिंधुदुर्ग. सावंतवाडीजवळच्या आकेरीत एक खराखुरा वाडा आहे. २२ फेब्रुवारी २०१६ पासून रात्री साडेदहाला तो महाराष्ट्राच्या घराघरांत दिसायला लागला. झी मराठीवरची ‘रात्रीस खेळ चाले’. हा सिनेमा नाही, मालिका आहे, हे मला ठाऊक आहे. पण या लेखमालेचा विषय जो हिशेब आहे, तो इथे जास्त कडक होतो. सिनेमाला अडीच तास भरायचे असतात, मालिकेला महिनेच्या महिने. हाताशी काय, तर एक घर, दहा-पंधरा माणसं आणि अंधार.

आधी घराबद्दल, कारण अर्धं काम त्यानेच केलंय. कोकणी घर पुढून मागे वाचायचं असतं. खळं, मग पडवी, मग माजघर, मग मागीलदार, त्यापलीकडे बाव आणि माडा-पोफळीची गर्दी. उजेड खळ्यातून आत शिरतो आणि माजघरापर्यंत येईतो दमतो. छप्पर पडवीवर खाली उतरलेलं, खिडक्या लहान. म्हणजे दुपारी बारालाही घराच्या पोटात संध्याकाळ असते. मुंबईच्या स्टुडिओत हे उभं करायला सेट बांधावा लागला असता, दिवे आडोशाला लपवावे लागले असते. इथे कॅमेरा पडवीतून आत वळवला की भय सुरू. आवाजाचंही तेच. रातकिडे, कौलांवरचा पाऊस, वाळलेलं झाप सळसळत खाली येतं तो आवाज. लहानपणी हे सगळं ऐकत झोपलेल्या माणसाला तर वेगळं पार्श्वसंगीतच नको.

आता त्या घरात कोंबलेल्या गोष्टी मोजू. कथा सुरू होते ती अण्णा नाईकांच्या मरणापासून. मुलं-सुना जमतात, दिवसकार्य होतं आणि घरात भलतंसलतं घडायला लागतं. ही झाली झपाटलेल्या वाड्याची गोष्ट. मग मरणामागे मरण येतं आणि पोलीस येतात, ही दुसरी, खुन्याच्या शोधाची. देवदेवस्की, कौल, गाऱ्हाणं ही तिसरी. वाड्यातला गडी पांडू जे सांगायला आलाय तेच ‘इसारलंय’ म्हणून उभा राहतो, ती चौथी. (हा पांडू रंगवणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखकांपैकी एक. आपल्याच गोष्टीतलं रहस्य वेळेवर न आठवणारं पात्र लेखकाने स्वतः करावं, यात मला फार मजा वाटते.) आणि पाचवी, सगळ्यांच्या तळाशी बसलेली, भाऊबंदकीची. जमीन कुणाची, वाडा कुणाचा, मुंबईकराचा वाटा किती.

माझ्या मते पाचवी गोष्टच खरी भुताची आहे. सिंधुदुर्गात सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर डझनावारी नावं सापडतात, त्यातली कित्येक केव्हाच वारलेल्यांची. म्हणजे मेलेला माणूस तलाठ्याच्या दप्तरी जिवंत असतो आणि त्याच्या सहीवाचून काही हलत नाही. याहून चिवट पिशाच्च कुठल्या पटकथाकाराला सुचणार? मालिकेने हे ओळखलं होतं. अण्णा गेले तरी वाड्यातला कुठलाही निर्णय अण्णांना वळसा घालून होत नाही. ज्या दिवशी भूत दिसत नाही, त्या दिवशी वाटणीचं भांडण असतं. प्रेक्षकाला तुटल्यासारखं वाटत नाही, कारण विषय एकच आहे: गेलेला माणूस सोडत नाही.

भाषेचा वापर मला त्याहून हुशार वाटतो. मुंबईहून आलेली शिकलेली सून नीलिमा प्रमाण मराठीत कारणं शोधते. अण्णांची बायको माई आणि मुलगा दत्ता मालवणीत देवाला साकडं घालतात. नीलिमा बोलायला लागली की मालिका रहस्यकथा होते, माई बोलायला लागली की भुताची गोष्ट. दिवा बदलावा लागत नाही, सेट बदलावा लागत नाही. एका वाक्याच्या खर्चात प्रकार बदलतो.

ही युक्ती मात्र टीव्हीवाल्यांनी शोधलेली नाही. ती आमच्याकडे दर जत्रेत दिसते. तुळशीच्या लग्नानंतर गावोगावच्या जत्रा लागतात आणि देवळासमोर दशावतार उभा राहतो. मालवणीत धयकालो. सामान काय? एक पडदा, एक बाकडं, हार्मोनियम, पखवाज, झांज. नट आपल्या पत्र्याच्या ट्रंकेतून रंग काढून आपलं तोंड आपणच रंगवतात, बायकांची कामंही पुरुषच करतात. लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते मालक थोडक्यात सांगतो आणि संवाद ज्याने त्याने उभ्या उभ्या जुळवायचे. भरायची असते आख्खी रात्र. वालावल, मोचेमाड, आजगाव, चेंदवण या गावांच्या नावाने चालणाऱ्या कंपन्या पिढ्यान्‌पिढ्या हाच प्रश्न सोडवत आल्या आहेत.

तो सोडवतात कसा? रात्र आड-दशावताराने सुरू होते. गणपती येतो, सरस्वती येते, भटजी येतो आणि मग संकासुर. काळा पेहराव, ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा राक्षस. मी चार-पाच वर्षांचा असताना त्याला पाहून आजीच्या पदरात तोंड खुपसलं होतं. ती म्हणाली, “भिया नको, आता मरतलो तो.” पण तो लगेच मरेना. तो बोलायला लागला, आणि बोलला तो आमच्या घरासारखं. देव बोलतात पुस्तकी मराठी, राक्षस बोलतो मालवणी. तो भटजीची टर उडवतो, गावातल्या भानगडी काढतो, समोर बसलेल्या प्रतिष्ठितांना चिमटे घेतो. मांडव हसून हसून लोळतो आणि त्याच हसण्यात विष्णू येऊन त्याला मारतो. भीती, चेष्टा आणि भक्ती अशा तीन प्रकारांना एकच काळा अंगरखा पुरतो. पुढे आख्यानात युद्ध, विरह, कपट सगळं होऊन पहाटे दहीहंडी फुटते. वेळ भरण्याची अडचण आकेरीत मालिका येण्याच्या कितीतरी आधी, त्याच मुलुखात, सुटलेली होती.

मालिका सुरू झाल्यावर कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, अशी ओरड झाली. अंधश्रद्धेचा मुद्दा मी हलका मानत नाही. पण माझी तक्रार थोडी उलटी आहे. या मालिकेतली भुतं पुरेशी कोकणी नव्हती. आमच्याकडे भुतालाही हुद्दा असतो. वेंगुर्ल्याजवळ आरवलीचा वेतोबा बघा. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, आणि तिथे तो ग्रामदैवत आहे. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि भल्यामोठ्या चामडी वहाणा देतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि वहाणा झिजतात. वेशीवरचा देवचार हाही राखणदारच. त्याचा मान दिला तर वाट दाखवील, विसरलात तर चुकवील. भीती, शिस्त आणि आपुलकी यांचं हे नातं आहे, आणि त्यावर कॅमेऱ्यात सहसा कुणी जात नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘कोंडुरा’ ही कादंबरी याच मातीतून काढली. श्याम बेनेगलांनी १९७८ मध्ये तिचा सिनेमा केला तेव्हा गोष्ट आंध्रात गेली. सिनेमा वाईट नाही, पण समुद्र मागेच राहिला. आकेरीच्या मालिकेला हे सगळं हाकेच्या अंतरावर होतं. तिने मात्र बऱ्याचदा दचकवण्यावर भागवलं: दार करकरलं, सावली गेली, आवाज मोठा झाला, जाहिरात.

पुढे काय झालं ते तर हिशेबाच्या दृष्टीने फारच बोलकं आहे. जानेवारी २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं आणि काळ मागे गेला. ज्यांच्या मरणापासून गोष्ट सुरू झाली होती, ते अण्णाच नायक झाले. माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता यांच्या प्रकरणाने भुताला जवळजवळ घराबाहेर काढलं. भयकथा गेली, गावगुंड सावकाराची आणि त्याच्या वासनेची कथा आली. लोकांनी ती जास्त डोक्यावर घेतली. मला स्वतःला हेच पर्व सरस वाटतं. जिवंत अण्णाला पाहून जी भीती वाटते ती पहिल्या पर्वातल्या कुठल्याही सावलीला पाहून वाटत नाही. शकुंतला नरे यांची माई नुसती दारात उभी राहून नवऱ्याच्या पावलांचा अंदाज घेते, तेवढ्यात आख्खा प्रसंग होतो, आणि त्याला खर्च शून्य. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात अण्णा-शेवंता भुतं होऊन परतले. पण इतक्या ओळखीच्या माणसांना घाबरायचं कसं? प्रेक्षक त्यांची वाट बघत बसायचे, गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांची बघावी तशी.

मालिकेला पहाट नसते, ही तिची खरी गोची. दशावतारी नटाला ठाऊक असतं की उजाडताना हंडी फुटणार आहे; त्या बेताने तो राक्षस किती वेळ जिवंत ठेवायचा ते ठरवतो. रोजच्या मालिकेत संकासुराला मारायची तारीख वाहिनी ठरवते.

पुढच्या आठवड्यात किनाऱ्याने पुन्हा थोडं वर, रत्नागिरी जिल्ह्यात. ‘तुंबाड’मधला पाऊस, आणि तो मिळवायला लागलेले पावसाळे.