आकाशाचे मास्तर : 'चीफ' अँडरसन

डोक्यावरून विमान गेले की पोरेच काय, आम्हीही मान वर करतो. पण ते चालवायला शिकवणारा मास्तर कोण, हा विचार आमच्या मनात कधी आला नव्हता. असे एक मास्तर अमेरिकेत होऊन गेले. नाव चार्ल्स आल्फ्रेड अँडरसन. विद्यार्थी त्यांना प्रेमाने 'चीफ' म्हणत.

१९०७ साली पेनसिल्व्हेनियात एका काळ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणापासून विमानाचे वेड. पैसे साठवून शिकायला गेले, तर काळ्या पोराला कोणी शिकवीना. मग मित्र-नातेवाइकांकडून उसने घेऊन त्यांनी चक्क जुने विमानच विकत घेतले! (आम्ही सायकल घेतानाही दहादा विचार करतो.) बरेचसे आपले आपणच शिकून १९२९ मध्ये त्यांनी परवाना मिळवला.

१९४० मध्ये ते अलाबामातील टस्कगी संस्थेत शिकवायला आले. काळा माणूस लढाऊ विमान चालवू शकणार नाही, असे सैन्यातले बडे गोरे अधिकारी उघड म्हणत. मार्च १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट तिथे आल्या आणि रक्षकांचा विरोध न जुमानता चीफच्या विमानात बसल्या. तो फोटो देशभर गाजला.

जवळच्या मोटन मैदानावर दोन पंखांच्या जोड्यांची, उघडी स्टिअरमन विमाने होती. कानटोपीला जोडलेल्या नळीतून मास्तर बोलणार, विद्यार्थ्याने फक्त ऐकायचे. उलट उत्तराची सोयच नाही! आधी भरपूर उंची गाठायची, मग कोलांट्या, उलटे उडणे, गिरक्या. हा तमाशा नव्हे. गिरकी खात विमान खाली जाऊ लागले की घाबरलेला हात दांडा मागे ओढतो, आणि त्यानेच घात होतो. पायाने गिरकीच्या उलट्या बाजूचे पेडल दाबायचे आणि दांडा पुढे, म्हणजे जमिनीच्याच दिशेने ढकलायचा. हे पुस्तकातून अंगी येत नाही. मास्तर सोबत असताना दहादा पडावे आणि सावरावे लागते.

१९४६ पर्यंत टस्कगीत ९९२ वैमानिक तयार झाले. युद्ध संपले, सैन्य निघून गेले, पण चीफ त्याच छोट्या मैदानावर शिकवत राहिले. म्हातारपणीही त्यांचे उडणे सुटले नाही. एप्रिल १९९६ मध्ये ते गेले तेव्हा ८९ वर्षांचे होते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.