लेकीला परदेशात जनावरांची डॉक्टर व्हायचंय?



गटांच्या बैठकांना फिरताना अलीकडे एक नवा प्रश्न कानावर येतो. अकरावी-बारावी सायन्सला असलेली लेक म्हणते, मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय आणि त्यासाठी परदेशात शिकायचंय. मग आई विचारते, "ताई, हे जमण्यासारखं आहे का? किती पैसे लागतील? एजंट सांगतो ते खरं का?" ज्या गावात पशुसखी चांगलं काम करते तिथं तर हा प्रश्न हमखास निघतो. तिथल्या पोरींनी एका बाईला दुसऱ्याच्या गोठ्यात मानानं उभं राहिलेलं पाहिलेलं असतं.

तेव्हा आज याबद्दलच बोलू. सगळ्या जगाची माहिती एका भाषणात मावणार नाही, म्हणून मुख्य उदाहरण ब्रिटनचं घेऊ. बाकी देशांचं येता येता सांगते.

आपण शेळी विकत घेण्याआधी काय बघतो? चारा कुठून आणायचा आणि पुढे कुठल्या बाजारात विकायची. इथंही तसंच, सुरुवात शेवटापासून करायची. पहिला प्रश्न हा, की शिकून झाल्यावर पोरगी काम कुठं करणार? कारण जनावरांच्या डॉक्टरला नुसत्या पदवीवर काम करता येत नाही. ज्या देशात काम करायचं, तिथल्या परिषदेकडे नाव नोंदवावं लागतं. ब्रिटनमध्ये ही नोंदणी रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्स करतं. नावात कॉलेज असलं तरी तिथं वर्ग भरत नाहीत. आपल्याकडे १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी होते आणि कोणत्या परदेशी पदव्या इथं मान्य आहेत, त्याची यादी त्याच कायद्याला जोडलेली असते.

म्हणजे बघा, आपल्या कॉलेजची पदवी घेऊन ब्रिटनला गेलं, तर तिथली वेगळी परीक्षा दिल्याशिवाय नोंदणी होत नाही. तिकडून शिकून आलेल्या मुलीलाही इथं आपली पदवी मान्य आहे का, हे बघावंच लागतं. लेकीला परत येऊन आपल्याच तालुक्यात दवाखाना काढायचा असेल, तर अर्ज भरण्याच्या आधीच नवी दिल्लीच्या भारतीय पशुवैद्यक परिषदेला पत्र लिहून विचारायचं: अमुक कॉलेजची अमुक पदवी तुमच्याकडे मान्य आहे का? नोंदणीसाठी आणखी कोणती परीक्षा द्यावी लागेल? उत्तर लेखी घ्यायचं. एजंटच्या तोंडच्या "सगळीकडे चालते" या शब्दावर जाऊ नका.

आता ब्रिटनमध्ये प्रवेश कसा मिळतो ते बघू. तिथं बारावीनंतर थेट जाता येतं आणि शिक्षण साधारण पाच वर्षांचं असतं. लंडनचं रॉयल व्हेटर्नरी कॉलेज १७९१ सालचं, एडिनबराचं १८२३ सालचं. शिवाय ग्लासगो, लिव्हरपूल, ब्रिस्टल, नॉटिंगहॅम इथंही कॉलेजं आहेत. प्रत्येक कॉलेजला वेगळा अर्ज पाठवायचा नसतो. यूकॅस नावाच्या एकाच संस्थेमार्फत ऑनलाइन अर्ज भरतात आणि त्यात पशुवैद्यकीयची जास्तीत जास्त चार कॉलेजं निवडता येतात. अर्जाची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर असते आणि वर्ग पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात. म्हणजे बारावीच्या दिवाळीआधीच अर्ज गेलेला हवा. निकाल लागल्यावर धावपळ करून त्या वर्षी उपयोग नाही.

अर्जात दहावीचे गुण, बारावीत अपेक्षित असलेले गुण, शिक्षकांचं शिफारसपत्र आणि मुलीनं स्वतःबद्दल लिहिलेला मजकूर असतो. बारावीला जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र हवंच. आपल्या राज्य मंडळाची बारावी चालते का आणि किती टक्के लागतात, हे प्रत्येक कॉलेजला ईमेल करून विचारायचं, कारण प्रत्येकाचा नियम वेगळा आहे. इंग्रजीची आयईएल्टीएस परीक्षा असते. तिच्यात बहुतेक ठिकाणी ९ पैकी ६.५ ते ७ गुण मागतात. मराठी माध्यमातल्या मुलीला हे अशक्य नाही, पण वर्षभर रोजचा तासभर अभ्यास लागतो.

आता तुमच्या लेकीच्या जमेची बाजू सांगते. ही कॉलेजं विचारतात, जनावरांजवळ तू किती काम केलंस? शहरातल्या मुलींना हा अनुभव मिळवायला कुणाच्या तरी गोठ्यावर जाऊन हात जोडावे लागतात. आपल्या पोरी तर पहाटे धार काढून, शेण भरून कॉलेजची एसटी पकडतात. अमेरिकेच्या अर्जात तर हा अनुभव तासांत मोजून लिहितात. डॉक्टरांच्या हाताखाली केलेलं काम एका रकान्यात आणि घरच्या जनावरांची देखभाल दुसऱ्या रकान्यात.

पण अडचण अशी, की हे काम कुठं लिहिलेलंच नसतं. म्हणून आजपासून एक वही घाला. तारीख, जनावर कोणतं, काय पाहिलं, काय केलं, किती तास लागले. गाय व्यायली आणि वार पडली नाही, तेव्हा डॉक्टरांनी काय केलं? म्हशीला दगडी झाली, ती कशी ओळखली? लम्पीच्या साथीत कोणतं जनावर आधी वेगळं बांधलं आणि का? हे सगळं लिहायचं. सुट्टीत सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारून बसायचं आणि वहीवर त्यांची सही-शिक्का घ्यायचा. या वहीला खर्च दहा-वीस रुपयांचा, आणि पोरगी कुठंही शिकली तरी तिचा उपयोगच आहे.

मुलाखतीत हीच वही कामी येते. बऱ्याच कॉलेजांत मुलाखत तुकड्यातुकड्यांत होते, दर काही मिनिटांनी नवा परीक्षक आणि नवा प्रश्न. त्यात पाठांतर विचारत नाहीत. विचारतात ते असं, की जनावर वाचू शकतं पण मालकाजवळ पैसे नाहीत, तू काय करशील? ज्या मुलीनं असा मालक उंबऱ्यावर बसलेला पाहिलाय, तिच्याजवळ सांगायला काहीतरी असतं.

आता पैशाचं, नीट ऐका. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थिनीला या शिक्षणाची एका वर्षाची फी बहुतेक ठिकाणी ३० हजार पौंडांच्या वर आहे. एक पौंड १०० रुपयांचा धरला, आणि तो त्याहून महागच आहे, तरी वर्षाचे ३० लाख झाले. पाच वर्षांचे दीड कोटी. राहणं, खाणं, विमान हे वेगळंच. अमेरिकेत तर आधी तीन-चार वर्षं कॉलेज करून मग चार वर्षांचं पशुवैद्यकीय असतं, म्हणजे तिथं वेळही जास्त आणि पैसाही जास्त. हंगेरीत बुडापेस्टला १७८७ पासूनचं जुनं विद्यापीठ आहे. तिथं साडेपाच वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून मिळतं आणि फी ब्रिटनच्या निम्म्याहून कमी आहे. पण जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि पुढे युरोपात नोकरी करायची तर तिथल्या शेतकऱ्याची भाषा शिकावी लागते. त्याची गाय आजारी असताना तो इंग्रजीत थोडाच बोलणार आहे!

बँकेचं शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की सहसा तारण लागतं, आणि बऱ्याच बँका शेतजमीन तारण म्हणून घेत नाहीत. मग माणूस सावकाराकडे वळतो. तिथं वळू नका.

व्हिसासाठी ब्रिटनचा एक नियम आहे. पहिल्या वर्षाची राहिलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च विद्यार्थिनीच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात सलग २८ दिवस दिसावा लागतो. इथं आपल्या गटाचा संबंध येतो. कुणीतरी म्हणेल, "फक्त २८ दिवस दाखवायला गटाचे पैसे द्या, लगेच परत करतो." मैत्रिणींनो, याला नाही म्हणायचं. गटातल्या कुणाच्या लेकीवर माया नाही असं कोण म्हणेल? पण तो पैसा दहाबारा बायांच्या घामाचा आहे, आणि उसना पैसा स्वतःचा म्हणून दाखवणं ही त्या मुलीच्याच गळ्यातली धोंड आहे. व्हिसाच्या अर्जात फसवणूक सापडली तर दहा वर्षांपर्यंत त्या देशाचा दरवाजा बंद होऊ शकतो. अर्ज भरायलाही एजंट लागत नाही. यूकॅसची फी काही हजार रुपये आहे आणि मुलगी तो स्वतः भरू शकते. एखाद्या कॉलेजचा अधिकृत प्रतिनिधी आहे असं कुणी म्हणालं, तर त्याचं नाव त्या कॉलेजच्या संकेतस्थळावर आहे का ते आधी बघा.

मग सामान्य घरच्या पोरीला रस्ताच नाही का? आहे, आणि तो दोन टप्प्यांचा आहे. पहिली पदवी इथं घ्यायची. आपल्या राज्यात नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर होतो आणि वर्षभराची इंटर्नशिप धरून शिक्षण साडेपाच वर्षांचं आहे. मग पुढचं शिक्षण परदेशात. शिष्यवृत्त्या मुख्यतः याच टप्प्यावर आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे. ब्रिटनची कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीही त्याच पायरीवर मिळते. अमेरिकेत पीएच.डी. करणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांना संशोधनाच्या कामाबद्दल फी माफ होते आणि वर मानधन मिळतं. शिवाय या रस्त्यानं गेलं तर इथली नोंदणी हातात असते. परत यावंसं वाटलं तर दार उघडं.

ज्यांची थेट जाण्याची ऐपत आहे, त्यांनीही तिथलं आयुष्य जाणून घ्यावं. सत्र चालू असताना व्हिसावर आठवड्याला २० तासच नोकरी करता येते. सुट्टीत कमवू म्हणावं, तर सुट्ट्यांतही कित्येक आठवडे शेतांवर आणि दवाखान्यांत काम शिकावं लागतं. वसंत ऋतूत मेंढ्या वितात तेव्हा मुली रात्रभर कोकरं सोडवत असतात. मांस तपासणी हा अभ्यासाचा भाग आहे, त्यासाठी कत्तलखान्यात जावं लागतं. डुकरं, कुत्री, घोडे, सगळ्यांना हात लावावा लागतो. बरं न होणाऱ्या जनावराला इंजेक्शन देऊन शांतपणे मरण द्यायलाही शिकवतात. माळकरी घरातल्या आईनं हे लेकीशी आधीच बोलून घ्यावं. पहिल्या वर्षाची फी भरून झाल्यावर हे कळलं तर फार जड जातं.

हे बाईमाणसाचं काम आहे का, असं कुणी विचारलंच, तर त्यांना अ‍ॅलीन कस्ट या बाईंची गोष्ट सांगा. १८६८ साली आयर्लंडमध्ये जन्मलेल्या या बाईंनी एडिनबरात पशुवैद्यकीय शिक्षण घेतलं. १८९७ मध्ये बाई म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. तरी त्या आयर्लंडमध्ये घोड्यांवर, गुरांवर उपचार करत राहिल्या. १९१९ मध्ये कायदा बदलला आणि १९२२ मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, त्या ब्रिटनच्या पहिल्या नोंदणीकृत महिला पशुवैद्य झाल्या. आज ब्रिटन आणि अमेरिकेत या कॉलेजांत दहापैकी सुमारे आठ मुलीच असतात.

तेव्हा पुढच्या बैठकीत ज्या घरी अशी लेक आहे, त्या मायलेकींना हे पाच प्रश्न लिहून द्या. काम कुठं करायचं? तिथं ही पदवी मान्य आहे, याचं लेखी उत्तर आहे का? पाचही वर्षांचा पैसा कुठून येणार? अर्जाची शेवटची तारीख कोणती? आणि अनुभवाची वही सुरू झाली का? पहिल्या चारांची उत्तरं यायला वेळ लागेल. वही मात्र उद्या सकाळच्या धारेपासून सुरू करता येते.