घाटातील धावपटूंचे छायाचित्रण

सातारा शहराच्या पश्चिमेस यवतेश्वराचा डोंगर आहे. कासकडे जाणारा रस्ता याच डोंगराच्या अंगाने वळणे घेत वर चढतो. २०१२ साली सुरू झालेली सातारा हिल हाफ मॅरेथॉन ही सुमारे २१ किलोमीटरची शर्यत याच घाटात, पावसाळ्याच्या उत्तरार्धात होते. २०१५ साली या शर्यतीत २,६१८ जण धावले आणि एकाच डोंगरावर सर्वाधिक माणसे धावल्याची नोंद गिनीज पुस्तकात झाली. हिरवे उतार, खाली उतरलेले ढग आणि त्यांतून वर येणारी माणसे हे दृश्य टिपण्यासाठी अनेक छायाचित्रकार पहाटेच घाट गाठतात. परंतु छायाचित्र पाहताना पुष्कळदा निराशा होते. ज्या चढाने धावपटूंचा दम उखडला, तो चढ चित्रात जवळजवळ सपाट दिसतो.

असे का होते? डोंगरावर प्रत्यक्ष उभ्या असलेल्या माणसाला चढ केवळ डोळ्यांनी कळत नाही. पायांवर पडणारा ताण आणि शरीराचा तोल यांवरूनही तो उमगतो. छायाचित्रात यांपैकी काहीच उतरत नाही. त्यातच धावपटूच्या समोर उभे राहून दूरचे जवळ आणणाऱ्या भिंगातून चित्र घेतले, तर मागचा रस्ता आणि पुढचा रस्ता एकमेकांवर दाबल्यासारखे दिसतात व चढाचा अंदाजच राहत नाही.

यावर उपाय म्हणजे रस्ता बाजूने पाहणे. वळणाच्या पलीकडून पाहिल्यास रस्त्याची तिरकी रेघ स्पष्ट दिसते. चित्रात एखादा विजेचा खांब किंवा सरळ वाढलेले झाड आले, तर त्या उभ्या रेषेशी तुलना होऊन चढ किती तीव्र आहे, हे पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते. काही जण कॅमेराच तिरका धरून चढ वाढवतात. ही लबाडी फार काळ टिकत नाही; खांबही तिरका झालेला दिसतो आणि भेद उघडा पडतो.

टेकडी जितकी ठेंगणी, तितकी ही अडचण मोठी. दिल्लीची रिज म्हणजे अरवली पर्वतरांगेचे उत्तरेकडील टोक होय. दिल्लीलगत अरवलीची उंची फारशी नाही आणि हिवाळ्यातील धुरकट हवेत मागची टेकडी पुसलीच जाते. अशा ठिकाणी कॅमेरा जमिनीलगत ठेवावा. मग माथ्यावरून धावणारी व्यक्ती आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसते आणि लहान टेकडीलाही टेकडीपण लाभते.

दुसरा प्रश्न वेगाचा. ताशी १२ किलोमीटर वेगाने धावणारा माणूस एका सेकंदात सुमारे ३.३ मीटर पुढे जातो. शटर १/६० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात तो साडेपाच सेंटिमीटर सरकतो आणि चित्र पुसट येते. १/१००० सेकंदात मात्र तो जेमतेम तीन मिलिमीटर सरकतो. धावताना दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले असतात असा एक क्षण येतो; चालण्यात तो नसतो. धावत्या घोड्याचेही चारही पाय एका क्षणी अधांतरी असतात, हे एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ साली अमेरिकेत ओळीने कॅमेरे मांडून दाखवून दिले. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नव्हते. तीव्र चढावर मनुष्याचा हा अधांतरी क्षण फार आखूड होतो आणि धावणारासुद्धा चालत असल्यासारखा दिसतो. म्हणून चढ जरा सैल होतो अशी जागा जाणकार छायाचित्रकार आधीच हेरून ठेवतो.

यात पोटापाण्याचा प्रश्नही आहे. अशा शर्यतींतील छायाचित्रे पुष्कळदा धावपटूच्या छातीवरील क्रमांकावरून शोधली व विकली जातात. क्रमांक आणि चेहरा स्वच्छ दिसला, तरच चित्राला गिऱ्हाईक मिळते. डोंगर भव्य दिसावा म्हणून मनुष्य लहान दाखवला, तर चित्र सुंदर होते, पण ते नेमके कोणाचे, हे ओळखता येत नाही. दोन्ही हेतू एकाच जागेवरून साधण्याचा हट्ट न धरता काही वेळ रस्त्यालगत व काही वेळ दूरच्या वळणावर थांबणे श्रेयस्कर.

प्रकाशाचा खेळ तर उलटाच आहे. सकाळी पश्चिमेकडे चढणाऱ्यांच्या पाठीवर ऊन असते आणि चेहरे सावलीत राहतात. परतताना मात्र ऊन चेहऱ्यावर येते व मागे उजळलेला डोंगर दिसतो. उतारावर धावपटूला एकाएकी थांबता येत नाही, यास्तव छायाचित्रकाराने रस्त्यावर न येता कडेच्या बाहेरच उभे राहावे. दुरून कॅमेरा दिसला की थकून चालणारेही धावू लागतात, हात उंचावतात, हसतात. वळणाआड थांबलेल्यास त्या हसण्याच्या आधीचा चेहरा मिळतो.